जुनं फंक्शन काढलं तो शुक्रवार

सन दोन हजार पंचवीस. मला त्र्याहत्तरावं चालू होतं, आणि त्या चैत्रात मी एका अशा गोष्टीला भ्यालो की जी मी डोळ्यानं कधी पाहिली नाही आणि पुढं पाहीन असंही वाटत नाही.

मी शाळेत चौथीपर्यंत गेलो, तेही पुरतं नाही. पण मशीन मला कळतं. हळद शिजवायचा वाफेचा कुकर घेऊन मी सेनगाव-गोरेगावच्या अंगानं पुष्कळ गावं फिरलो. बॉयलर तापला की लोक लांब उभे राहायचे, मी जवळ उभा राहायचो. त्यामुळं कोणी मला मशीनीचं शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. ते अजूनही फिरतं.

त्या सालाच्या आधीच माझ्या बायकोच्या किडन्या गेल्या होत्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला हिंगोलीला डायलिसिसला न्यावं लागे. एका नळीनं रक्त बाहेर येतं, मशीनीत धुतलं जातं आणि दुसऱ्या नळीनं परत अंगात जातं. मशीनीच्या तोंडावर एक लहान चाक असतं, ते रक्त ढकलतं. पहिल्या दिवशी मी त्या चाकाकडंच बघत राहिलो. चाक थांबलं तर रक्त बाहेरच राहील, हे समजायला शाळा लागत नाही. सिस्टर म्हणाली, बाबा, थांबलं तर हातानं फिरवायचा दांडा असतो, भिऊ नका. मी म्हणलो, भिऊन कोण राहिलं? आणि बाहेर जाऊन कडुनिंबाखाली बसलो.

ते मशीन चालू करताना पडदा आधी काळा होतो. कोपऱ्यात एक पोट सुटलेला काळा-पांढरा पक्षी येतो, आणि त्याच्याखाली पांढऱ्या अक्षरांच्या ओळी मुंग्यांसारख्या सरसर वर सरकतात. मग आकडे दिसायला लागतात. तो पक्षी मी ओळखून ठेवला होता.

आईचं असं झाल्यावर माझी लेक पुण्याहून घरी येऊन राहिली. ती कंपनीत कामाला आहे. जावईच म्हणाले, तुझं काम कुठूनही होतं, जा. ती तिचा लॅपटॉप घेऊन आली आणि माडीवरच्या खोलीत बसून काम करायला लागली. एकदा मी तिला चहा द्यायला वर गेलो, तर लॅपटॉपच्या झाकणावर तोच पक्षी चिकटवलेला.

"हे बदक काय हाय?" मी विचारलं.

"बदक न्हाई बाबा, पेंग्विन हाय. मी ज्याच्यावर काम करते ना, त्याची खूण हाय ती."

"हे तुझ्या मायच्या मशीनवर येतं."

तिचे हात थांबले. "खरं? चालू करताना? कोपऱ्यात?"

"व्हय. खालून अक्षरं पळतात."

"म्हणजे त्या मशीनमधी आपलंच कर्नल हाय!" ती एकदम खूश झाली. चहा तसाच ठेवून खाली पळाली आणि आईला सांगून आली.

कर्नल म्हणजे काय, ते तिनं मला त्या दिवशी सांगितलं. हळद काढणीला बायांची टोळी येते, तिला एक मुकादम असतो. कोणी कोणत्या सरीला लागायचं, कोणी पाण्याला जायचं, कोणी पोतं धरायचं, ते तो ठरवतो. तसं मशीनीच्या आतही पुष्कळ कामं एका वेळी चालतात, पडदा दाखवायचा, घंटी वाजवायची, चाक फिरवायचं. त्या सगळ्या कामांचा मुकादम म्हणजे कर्नल. तो एका मालकाचा नाही. जगभरातली माणसं मिळून तो लिहितात, आणि फोनात, टीव्हीत, एसटीच्या तिकिटाच्या मशीनीत, कुठंही तो असू शकतो.

"मग तू त्यात काय लिहितीस?"

"मी लिहिण्यापेक्षा काढतेच जास्ती. जुनी फंक्शनं काढते."

मी नुसता बघत राहिलो. तेव्हा तिनं आणखी सोपं केलं. मुकादमाला काम सांगायची जी ठरलेली तऱ्हा, तिला फंक्शन म्हणायचं. समजा कोणाला सांगायचं आहे की 'इतक्या वेळानं मला उठव'. ते सांगायची एक जुनी तऱ्हा होती. तिच्यात गफलत होती. कधी भलताच उठायचा, कधी त्या वाटेनं चोरही आत शिरायचा. म्हणून नवी तऱ्हा केली. पण जुनी लगेच मोडता येईना, कारण जागोजाग लोक तीच वापरत होते. मग तिच्यावर लिहून ठेवलं की ही जुनी झाली, इथून पुढं वापरू नका. माझी लेक अशी एकेक जागा हुडकून तिथं नवी तऱ्हा बसवत होती. सगळ्या जागा झाल्या की जुनी मुळासकट काढायची.

"राहू द्या की तिला एका कोपऱ्यात," मी म्हणलो. "खायला मागती का काही?"

"मागते ना बाबा. सांभाळावी लागते. नवा माणूस येतो, सोपी दिसते म्हणून तीच धरतो. जुन्याची खोड जात न्हाई लवकर."

खालून माझी बायको ओरडली, "तुझ्या बापाबद्दल बोलून राहिली का गं?"

तिघंही हसलो. भीती तेव्हा नव्हती.

भीती आली एका गुरुवारी, जेवताना. लेक खाली आली तीच गुणगुणत. ताटात भाकर घ्यायच्या आधी म्हणाली, "उद्या निघणार बाबा ते."

"कोण?"

"ते जुनं फंक्शन. सगळ्या जागा साफ झाल्या. मी पाठवून दिलंय. तिकडं एक मोठा माणूस असतो, तो तपासून घेतो. उद्या घेतो म्हणाला."

"म्हणजे आता कोणीच वापरत न्हाई?"

"कोणीच न्हाई."

"कशावरून?"

"सगळं हुडकलं. सगळ्यांना विचारलं. कोणी बोललं न्हाई."

कोणी बोललं न्हाई, हे तिनं म्हणलं आणि माझा घास तोंडातच राहिला.

आमच्या भावजयीचं असंच झालेलं. ती एकटी बाई, बहिणीकडं वसमतला जाऊन राहिली होती. इकडं कोणीतरी विचारायला आलं, ही बाई हाय का इथं? घराला कुलूप, शेजारीही रानात. कोणी बोललं नाही. वर ऑफिसात रेशनच्या यादीतून तिचं नाव पुसलं गेलं. ती परत आली, पिशवी घेऊन रेशनच्या दुकानात गेली, अंगठा ठेवला तर मशीन नाही म्हणालं. आदल्या दिवशी त्याच मशीनीनं तिच्या जावेला धान्य दिलं होतं. दुकानदार म्हणाला, काकी, मी काय करू, वरतून काढलं की इथं लगेच बंद होतं, मशीन वरचंच ऐकतं. नाव परत चढलं, पण तोवर बाई शेजाऱ्यांच्या पिठावर जगली. ती अंगठा पदराला पुसून पुसून परत ठेवत होती, ते मी उभा राहून बघितलेलं आहे.

म्हणून मला माहीत होतं. वर काढलं की खाली त्याच दिवशी बंद.

आणि उद्या शुक्रवार. हिंगोलीतलं ते चाक. 'इतक्या वेळानं मला उठव' असं ते चाक मुकादमाला सांगत असणार. जुन्याच तऱ्हेनं सांगत असलं तर? मशीन काही नवं नव्हतं, पत्र्याचा रंग उडालेला होता. ते मशीन कोणाला काय बोलणार? त्याला कोणी विचारलं? माझी बायको खाटेवर, रक्त नळीत, चाक हाक मारतंय आणि आतला मुकादम म्हणतोय, असा हुकूम मला ठाऊक नाही.

"शुक्रवारच काहून?" मी विचारलं. "शनिवारी काढा."

"ते माझ्या हातात हाय का बाबा आता? पाठवून दिलं."

आणखी विचारायला पाहिजे होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण महिन्याभरापूर्वी ती लॅपटॉपवर परदेशातल्या लोकांशी बोलत असताना खाली मिरचीची फोडणी पडली होती, आणि मी वर जाऊन विचारलं होतं, त्यांना ठसका लागत न्हाई का? लेक हसली ते हसली, तिनं त्यांनाही सांगितलं, आणि पडद्यावरची ती सगळी गोरी तोंडं माझ्याकडं बघून हसली. त्या दिवसापासून मी ठरवलं होतं की तिला तिच्या कामाचं काही विचारायचं नाही. मी हात धुतला आणि उठलो.

शुक्रवारी आमच्या गावची लाईट सकाळीच जाते, म्हणून त्या दिवशी लेक स्कूटीवर गोरेगावला जाऊन ओळखीच्या एका दुकानामागच्या खोलीत बसून काम करते. ती गेली. थोड्या वेळानं जीप दारात आली. जीपवाला आमच्याच गावचा, मुसलमानाचा, माझ्या थोरल्या पोरासारखा.

"चाचा, चाची तयार है क्या? जुम्मा है, नमाज के पहले वापस यायचं हाय मेरेकू."

"आज जायचं न्हाई."

"काहून?"

"दवाखान्यातून फोन आला. मशीन बंद हाय."

"सब के सब मशीनां बंद?"

"सगळ्या."

"या अल्ला," तो म्हणाला आणि जीप वळवून गेला.

मी फाटकाला धरून उभा राहिलो. मशीन बंद हाय, असं मी माझ्या तोंडानं बोललो होतो. बोललेलं खरं होतं म्हणतात तसं काहीतरी मनात आलं. पण मग वाटलं, होऊ दे खरं, ती तर घरी आहे.

बायको लुगडं नेसून, वेणी घालून, पिशवी मांडीवर घेऊन ओसरीत बसली होती.

"काय म्हणतो?"

"मशीन बंद हाय. उद्या बोलावलं."

"बरं झालं. एक दिवस सुई वाचली." तिनं पिशवी भिंतीला टेकवली. "मग मला चहा द्या. आज पुरा कप द्या, अर्धा नको."

डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजूनमापून असतं. प्यालेलं बाहेर पडत नाही, अंगातच साठतं, ते मशीनच काढतं. एरवी मी तिच्या पाण्यावर डोळा ठेवून असायचो, तिला तोंडात धरायला बर्फाचा खडा द्यायचो. त्या दिवशी लाईट नाही, म्हणून बर्फ नाही, पंखा नाही. चैत्राचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. तिनं पाणी मागितलं, मी दिलं. परत मागितलं, परत दिलं. मला नाही म्हणता येईना. ज्यानं खोटं सांगून बसवून ठेवलं, त्यानं वर पाणीही तोडायचं का?

दुपार चढली तशी ती बोलायची कमी झाली. उठून आत गेली आणि परत येताना चौकटीला धरून उभी राहिली. मी तिच्या पायावर बोट दाबलं, बोट उचललं तरी खड्डा तसाच. अंगात पाणी साठलं की असं होतं, हे मला सिस्टरनं दाखवून ठेवलेलं होतं.

आता भीती दोन ठिकाणी झाली, एक हिंगोलीत आणि एक माझ्या ओसरीत. हिंगोलीतली मोठी की ओसरीतली, ते मला ठरवता येईना. न्यावं तर नळीत रक्त असताना चाक थांबेल. ठेवावं तर हे पाणी चढत चाललेलं. मी लेकीला फोन लावला.

"काढलं का?"

"काय काढलं? ते होय! न्हाई अजून. तिकडची माणसं आत्ता उठून राहिलीत. तुमी कुठं, दवाखान्यात ना? मायला लावलं का मशीन?"

"लवकर काढा म्हणावं," एवढं बोलून मी फोन ठेवला.

माझा हिशेब असा होता. त्यांनी एकदाचं काढावं. मग मी दवाखान्यात फोन लावून विचारीन. मशीन चालू राहिलं तर बायकोला लगेच घेऊन जाईन, थांबलं तर ती वाचली. कुकरचा जोड तापवून बघितल्याशिवाय जसा मी कोणाला जवळ येऊ देत नव्हतो, तसंच हे, असं मला वाटत होतं.

ऊन भिंतीवरून उतरायला लागलं तेव्हा तिचा फोन आला. आवाजच सांगत होता. "बाबा, निघालं! घेतलं त्यांनी! मायला सांगा."

मी लगेच दवाखान्याचा नंबर लावला. सिस्टरनं उचलला.

"सिस्टर, मशीन चालू हाय का?"

"कोण बोलतंय?"

मी सांगितलं.

"बाबा, तुमी हायत कुठं? सकाळपासून खाट अडवून ठेवली तुमच्यासाठी. आता दुसरा पेशंट घेतला. पेशंट का न्हाई आणला?"

"ते सांगतो. आधी चाक फिरून राहिलं का ते बघा."

"काय?"

"चाक. रक्ताचं."

"बाबा, मशीन चालू हाय म्हणजे चाक फिरणारच ना!"

"बघा की माय एकदा डोळ्यानं."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. परत उचलला. "फिरतंय."

"आत्ता बी?"

"बाबा!" ती ओरडली. मग आवाज खाली करून म्हणाली, "त्यांना दम लागतो का? पाय सुजलेत का? लागत असंल तर थांबू नका, घेऊन या."

मी बरं म्हणलो. जायला निघायला पाहिजे होतं. पण मनात आलं, वरचा हुकूम इथवर यायला वेळ लागत असेल. भावजयीचं नाव वर कधी पुसलं आणि मशीन कधीपासून नाही म्हणायला लागलं, ते तरी कोणी बघितलं होतं? चाक आत्ता फिरतंय, पण ही खाटेवर पडल्यावर फिरेल का? मी एकदा फाटकापर्यंत गेलो आणि माघारी आलो. परत गेलो. जीप गावात नव्हती, वऱ्हाड घेऊन सेनगावला गेली होती. ते कळलं तेव्हा, खरं सांगतो, मला बरं वाटलं. कारण आता ठरवायचं काही राहिलं नव्हतं.

दिवेलागणीला लेक आली. स्कूटी लावतानाच तिनं आईला बघितलं. गादीच्या वळकटीला टेकून बसलेली, तोंड उघडं, खांदे वरखाली.

"हे काय? माय, तू गेली न्हाईस?"

"मशीन बंद होतं... म्हणे," बायको म्हणाली. मधे तिला थांबावं लागलं.

"कोण म्हणलं?" लेकीनं माझ्याकडं बघितलं. "बाबा?"

मी खांबाला टेकून उभा होतो. मी म्हणलो, "तू आज काढलंस ना ते. त्या वक्ताला ती मशीनवर असती तर?"

तिला आधी काही समजलंच नाही. मग समजलं. ती पायरीवर बसली, हेल्मेट अजून हातातच.

"तुमी... त्यासाठी ठेवली घरी?"

"पक्षी तोच हाय. तूच म्हणलीस आपलंच हाय म्हणून. चाकाला कोणी विचारलं होतं का? ते कसं बोलंल?"

"मला विचारायचं होतं ना बाबा! एक शब्द विचारायचा!"

"विचारलं की हसतीस."

तिनं हेल्मेट बाजूला ठेवलं, ओढणीनं तोंड पुसलं. बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी हळू होता, लहान लेकराशी बोलावं तसा, आणि मला रागही आला नाही.

"बाबा, तुमी हळदीचं बेणं निवडता. एखादं बेणं खराब झालं, पुढच्या साली लावायचं न्हाई, असं तुमी घरात बसून ठरवलं. तर त्याच बेण्याचं जे पीक कोणाच्या रानात उभं हाय, ते त्या दिवशी वाळतं का?"

"काहून वाळंल?"

"तसंच हाय हे. हिंगोलीची मशीन म्हणजे उभं पीक. ती बनवली तवा तिच्यात जे लावलं, ते तिच्यातच हाय. ती रोज वर विचारायला जात न्हाई. मी फक्त पुढच्या बेण्यातून काढलं. पुढं कोणी नवी मशीन बनवील, तवा नवं लावील, ते बी महिनोन् महिने चालवून बघून. रेशनचं मशीन वर विचारतं, हे न्हाई विचारत."

समजलं. एका झटक्यात समजलं, इतकं सोपं होतं. हिंगोलीतली भीती गेली आणि सगळीच्या सगळी ओसरीत येऊन बसली. सकाळपासून ज्यानं तिला काही केलं असतं ते मशीन नव्हतंच. जे करत होतं ते तिच्या अंगातलं पाणी होतं, आणि ते तांब्यानं मीच दिलेलं होतं.

लेकीनं दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाई बोलल्या. त्या म्हणाल्या, दम किती लागतो ते ऐकते, पेशंटला फोन द्या आणि एका दमात एक पुरं वाक्य बोलायला सांगा. लेकीनं फोन आईच्या तोंडाशी धरला.

माझ्या बायकोनं डोळे मिटले, श्वास गोळा केला आणि म्हणाली, "माझा म्हातारा येडा झालाय बाई, त्याला बी घेऊन येते, त्याचं बी रक्त धुवून काढा."

फोनमधून हसल्याचा आवाज आला. मग तो थांबला आणि डॉक्टरीणबाई लेकीला सांगत राहिल्या. आडवं करू नका, बसवूनच ठेवा. पाण्याचा थेंब नको. बसल्या जागी दम वाढला, ओठ काळे पडले तर सकाळची वाट बघायची नाही, मिळेल त्या गाडीनं निघा. नाहीतर उद्या पहिली पाळी यांची.

लाईट आली होती. पंखा लावला. लेकीनं शेजारच्या गाडीवाल्याला सांगून ठेवलं, जीपवाल्यालाही फोन केला. बायको माझ्याकडं बघत नव्हती.

"मला सांगायचं तरी," ती म्हणाली. "मी काय म्हणलं असतं?"

"काय म्हणली असतीस?"

"म्हणलं असतं, पोरीला विचारा."

ती रात्र मी इथं लिहीत नाही. तिच्या श्वासाचा आवाज ज्या वेळी जरा मोठा व्हायचा त्या वेळी आम्ही बापलेक एकमेकांकडं बघायचो, एवढंच. लेकीच्या कामाचा तो आनंदाचा दिवस होता. किती दिवस ती त्याच्यामागं होती. त्याबद्दल त्या दिवशी घरात कोणी तिला एक शब्दही बोललं नाही.

सकाळी उजाडायच्या आत जीप आली. जीपवाल्यानं पुढच्या सीटवर उशी टाकून आणली होती. आम्ही दोघांनी तिला हाताच्या पाळण्यावर उचलून बसवलं.

"चाचा, मशीनां चालू हुई?" त्यानं गाडी चालू करताना विचारलं.

"हुई," मी म्हणलो.

हिंगोली येईपर्यंत मी मागं बसून तिच्या खांद्याकडं बघत होतो. दवाखान्यात सिस्टरनं खाट तयार ठेवली होती. मशीन लावलं, पडदा काळा झाला, पक्षी आला, ओळी सरकल्या. सुई टोचली. नळी लाल झाली आणि चाक फिरायला लागलं. या वेळी मी कडुनिंबाखाली गेलो नाही.

सिस्टर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता सांगा बाबा, काल काय झालं होतं?"

मी तोंड उघडायच्या आधी बायकोच बोलली. "काल हे भेले होते."

मी तिच्या हाताजवळची पाण्याची बाटली उचलून खिडकीत ठेवली, आणि ज्या हाताला सुई नव्हती त्या हाताशी स्टूल ओढून बसलो.